खाखऱ्याची मुळं आणि माझं कोपर

डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला, तेव्हा मी जंगल वाचवत होतो. निदान माझी तशी समजूत होती.

झाडं लावायची, ती हवेतला कार्बन ओढतात, आणि त्याचं श्रेय धूर सोडणाऱ्या दूरच्या कारखान्यांना विकायचं, हा आमचा उद्योग. मी धारहून आलेला साइट सुपरवायझर. बागलीजवळची टेकडी उजाड म्हणून घेतली, पण उपग्रहाच्या फोटोत ती भलतीच हिरवी दिसे. जुन्या खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, खुंटांना फुटवे आले होते. आमची झाडं मोजली जायची तर आधी जमीन उघडी दिसायला हवी. मग मी डोकं चालवलं आणि दोन दिवसांत सगळे फुटवे छाटून टाकले. जंगल लावण्यासाठी जंगल तोडणारा माळव्यात मीच पहिला असेन.

तिसऱ्या दिवशी जेसीबी मुळं उपटू लागला आणि गावातली एक बाई कुऱ्हाड घेऊन आली. खाखऱ्याच्या पानांच्या पत्रावळींवर तिचं घर चालायचं. तीन वर्षं तिनेच ते फुटवे बकऱ्यांपासून राखले होते. छाटलेले पुन्हा फुटतात, पण मुळं गेली की संपलं. तिने थेट डोक्यात दांडा हाणला. मी "ताई, ताई" करत पळालो. दुसरा फटका पाठीत. तिसरा कोपरावर, हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. चौथा चुकला, कारण मी रोपांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडलो. आदल्या दिवशी मजुरांवर ओरडून मीच तो आणखी खोल करून घेतला होता.

वर पाहिलं, तर तिने कुऱ्हाड उलटी फिरवलेली. आता पातं माझ्याकडे.

"जड़ निकाली तो तेरी भी निकालूँगी."

जेसीबीवाला ओरडला, "भिया, बंद करूँ के चलने दूँ?"

"बंद कर, गधे!"

विवेक जागा झाला, असं लिहायला आवडलं असतं. पण तोंडात रक्त होतं आणि पातं गळ्यापासून वीतभर.

अर्धी टेकडी तोवर उपटून झाली होती. तिथे आम्ही लावलेली रोपं वाळून गेली. उरलेल्या अर्ध्या भागात खाखरा पुढच्या पावसाळ्यांत पुन्हा डोक्याएवढा उंच झाला.

परवा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ये किसने लगाया?"

वाकड्या कोपराने मी तिच्याकडे हात केला. ती पानं खुडत होती, कुऱ्हाड शेजारी.

"किसी ने नी लगाया," ती मान वर न करता म्हणाली. "आप ही आया. मैंने तो बस इस आदमी को रोका."