हललेला फोटो

भुवना पहिल्यांदा आमच्या स्टुडिओत आली ती कॉलेजच्या अर्जावर लावायच्या फोटोसाठी, आणि आम्ही तिचे चौदा फोटो काढले. चौदाच्या चौदा हलले. स्टुलावर बसली की पाय हलायचा, पाय दाबून बसवली की मान वळायची, आणि मान सरळ केली तर नेमकी क्लिकच्या क्षणी विचारायची, "झालें का, वैनी?" आमच्या ह्यांनी आजवर तान्ही पोरं, रुसलेल्या नवऱ्या मुली, एकदा तर देवळातला हत्तीसुद्धा कॅमेऱ्यापुढे शांत उभा केला होता. या सतरा वर्षांच्या मुलीपुढे त्यांनी हात टेकले. पंधरावा कसाबसा जमला. पाकीट घेऊन जिना उतरता उतरता ती मला म्हणाली, "बसलें की गंजतें मी."

मी मिरजेची. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा वाटलं होतं, भाषेचा तरी प्रश्न नाही. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे मराठीच. पण पहिल्या सकाळी सासूबाईंनी तमिळ हेल काढून विचारलं, "तुज काफी पाहिजे कीं दूध?" आणि मला आमच्या गावच्या कीर्तनात बसल्यासारखं वाटलं. त्यांना माझी मराठी बातम्या वाचल्यासारखी वाटायची. भुवना तर माझी नक्कल करून दाखवायची, अगदी माझ्यासारखे ओठ आवळून. मी रागावायचे, पण नक्कल फारच हुबेहूब असायची.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. गल्लीतली म्हातारी माणसं कधीतरी एकेकटी जिना चढून येतात. ठेवणीतलं रेशमी लुगडं, नाहीतर कडक इस्त्रीचं धोतर. "पासपोर्टचा काढा," म्हणतात. त्यांना विमानाने कुठे जायचं नसतं. आम्ही विचारत नाही. नीट उजेड लावून एक चांगला फोटो काढतो, जपून ठेवतो, आणि घरचं कुणी मागायला येईपर्यंत मोठा करत नाही. भुवनाचे वडील मात्र अचानक गेले, ती कॉलेजात असतानाच. त्यांचा असा फोटो नव्हता. एका लग्नाच्या गर्दीतून मी त्यांचा चेहरा वेगळा काढला, साफ केला, मोठा केला. भुवनाची आई सुगुणाक्का, आमच्या शेजारच्याच, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहेत. दर शुक्रवारी कामावर जाण्याआधी त्या फोटोला ताजा हार घालतात.

भुवनाने इंजिनिअरिंग पूर्ण केलं, निकाल हातात घेतला आणि म्हणाली, "सरि, पुढें?" 'सरि' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. हे तिचं पालुपद होतं. मित्रांच्या छोट्या छोट्या फिल्म झाल्या, सरि, पुढें? एका चॅनेलवर गाण्यांच्या फर्माइशी वाचून दाखवल्या, सरि, पुढें? मग चेन्नईत एका तमिळ मालिकेत धाकट्या सुनेचं काम मिळालं आणि आमच्या गल्लीला पंख फुटले. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसहाला, प्रत्येक घरात भुवना. सुगुणाक्कांना देवळात पुढे जागा मिळायला लागली. भाजीवाली कोथिंबीर जास्त घालायची आणि वर बजावायची, "त्या थोरल्या जावेपासून मुलीला जपा."

सुट्टीला आली की भुवना आमच्याकडे उभ्या उभ्या डोसा खायची आणि मालिकेतलं काम सांगायची. "उभें राहणें हेंच काम, वैनी. हातांत काफीचें तबक. कोणी तरी मोठ्यानें बोलतें, मग कॅमेरा सासूच्या तोंडावर तीनदां, जावेच्या तोंडावर तीनदां, मग माझ्या. तोंवर मी तबक धरून उभी. पंख्यानें केंस उडवितात, तेवढेंच हलतें." ती हसत सांगायची, पण डाव्या हाताच्या बोटाभोवती स्कूटरची किल्ली गरगर फिरत असायची. अडीच वर्षं ती ते तबक धरून उभी होती.

मग पापनाशमकडच्या एका तरुण दिग्दर्शिकेने तिला गाठलं. पैसा नाही, नावाजलेलं कुणी नाही, सगळं मिळून नऊ माणसं. भाताच्या कापणीचं मशीन चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. सगळ्या सिनेमात संवाद पानभर, बाकी बाई आपली शेताशेतातून मशीन घेऊन फिरते. भुवनाने कथा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मशीन शिकायला गेली. मालिकेवाले तारखा सोडेनात. शेवटी म्हणाले, जा, पण मग तुझी सून मेली. आणि भिंतीवर लावायला फोटो लागेल.

ती आमच्याकडे आली तेव्हा दुपार होती. "मारिलें मज," ती म्हणाली. "कारच्या अपघातांत. ते लग्नाच्या एपिसोडातला फोटो लावणार, त्यांत माझे डोळे अर्धे मिटलेले. तो दिसणार रोज. त्यापेक्षां तुम्हींच काढा, वैनी. हारांत बरा दिसेल असा."

आमचे हे कॅमेऱ्यापासून बाजूला झाले. "जिवंत मुलीचा असला फोटो माझ्या हातून व्हायचा नाही," म्हणाले आणि खाली चहा प्यायला निघून गेले. मला ते जुनाट वाटलं. शिकलेली बाई मी, मिरजेची! मी कॅमेरा घेतला. भुवना स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि पहिल्या क्लिकला फोटो आला. पाय नाही, मान नाही, काही काही हललं नाही. इतका सुंदर फोटो मी कुणाचाच काढलेला नाही आणि तो बघून मी कॅमेरा लगेच खाली ठेवला. तरी मी तो मोठा केला. सुगुणाक्कांनी जिन्यात विचारलं, कसला फोटो, तर सांगितलं, कामासाठी लागतो. भुवनाने त्यांना सांगितलं होतं की धाकटी सून परदेशी जाणार आहे. आम्ही दोघींनी मिळून त्या बाईला फसवलं, दुसरा शब्द नाही.

सोमवारी साडेसहाला सुगुणाक्कांनी एकट्यांनीच टीव्ही लावला. समोर त्यांच्या मुलीचा फोटो, त्याला टपोऱ्या मोगऱ्याचा हार, खाली दिवा. आणि टीव्हीच्या वर, त्यांच्याच भिंतीवर, नवऱ्याचा फोटो, त्यालाही हार.

सकाळी भाजीवाली त्यांच्या दारात रडली. देवळात एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, वय काय होतं हो? सुगुणाक्का आमच्याकडे आल्या, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "फोटोमागचा पडदा तुमच्या स्टुडिओचा आहे, मीं ओळखिला," त्या म्हणाल्या. "तुम्हांस ठाऊक होतें." एवढंच. मी काही बोलायच्या आत उतरून गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मुलीशीही नाही.

भुवनाचं पापनाशमला शूटिंग सुरू झालं होतं. पंचवीसेक किलोमीटर. ती तिथेच राहणार होती, पण तिने एक विलक्षण गोष्ट सुरू केली. रोज साडेपाचला मशीनवरून उडी मारायची, स्कूटर काढायची, आणि साडेसहाच्या आत घरी येऊन टीव्हीसमोर आईच्या शेजारी बसायची. नुसती बसायची. पडद्यावर तो फोटो आणि इथे ती, अंगावर भाताचं तूस, घामाचा वास. अर्धा तास. मग पुन्हा पापनाशम. शुक्रवारी मी शेजारून डोकावले तर तिचा पाय नेहमीसारखा थरथरत होता. सुगुणाक्का टीव्हीकडे बघत होत्या, पण एक हात मुलीच्या त्या हलणाऱ्या गुडघ्याजवळ, चटईवर ठेवलेला. टेकलेला नाही, जवळ.

"टीव्ही बंद का नाही करत त्या?" मी भुवनाला विचारलं.

"ठाऊक नाहीं. बोलत नाहीं ना अम्मा." तिने हेल्मेट चढवलं. "मी नाहीं आलें तर तिला तेवढीच दिसेन, ती हारांतली. म्हणून येतें."

दिग्दर्शिका कातावली होती. संध्याकाळचा सोन्यासारखा उजेड रोज वाया जात होता. सिनेमा अडला होता तो या साडेसहामुळे. शेत उभं राहणार किती दिवस? मालक म्हणत होता, शनिवारी कापून टाका. त्या शनिवारी दिग्दर्शिकेने हात जोडले, आजचा उजेड मला दे. भुवनाने दिला.

पावणेसातला आमची बेल वाजली. दारात सुगुणाक्का, पायात चपला, हातात छोटी पर्स. तीन आठवड्यांनी त्या माझ्याशी बोलल्या. "आली नाहीं. फोन उचलीत नाहीं." "टीव्हीवर ती दिसली, वैनी, आणि इकडे चटई रिकामी."

ह्यांनी गाडी काढली. वाटेत त्या फोनवर पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होत्या, आणि मला तर धीर द्यायचाही अधिकार उरला नव्हता. पापनाशमच्या अलीकडे रस्त्यालगत दिवे दिसले. उजेड संपल्यामुळे शूटिंग आटोपलं होतं, पण शेताचा एक कोपरा कापायचा राहिला होता आणि तो भुवना कापत होती. मशीनवर उंच बसलेली, साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, समोरच्या माणसावर जोरात ओरडत होती, "सरक, सरक!" सगळं मशीन थडथडत होतं आणि त्यावर ती नखशिखांत हलत होती.

सुगुणाक्का बांधावर उभ्या राहिल्या. मुलीचं काम त्या पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. भुवनाला त्या दिसल्या तेव्हा तिने मशीन थांबवलं, उतरली, आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "अम्मा, आज उशीर झाला."

"डोकें नीट बांध," सुगुणाक्का म्हणाल्या. "केंसांत तूस जातें." आणि स्वतःच ते फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधायला लागल्या. बांधता बांधता त्यांना हुंदका फुटला. मीही रडले. तिथेच, सगळ्यांसमोर, मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला अजून कळलेलं नाही.

परतताना त्या गाडीत म्हणाल्या, "बंद केला असता टीव्ही, तर ती तेथेंच राहिली असती, हारांत. पाहत राहिलें तर कधीं तरी उतरवितील, असें वाटायचें."

पुढे मालिकेतल्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि फोटो उतरला. सिनेमा दोन-तीन महोत्सवांत दाखवला, एका रविवारी इथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्येही. शंभर खुर्च्या, चाळीस माणसं. दिवे लागले तेव्हा भुवना माझ्या कानात म्हणाली, "सरि, पुढें?" आठवड्याभरात ती कोचीला गेली, आणखी एका बिनपैशाच्या सिनेमासाठी.

त्यानंतर सुगुणाक्का स्टुडिओत आल्या. मला वाटलं, पासपोर्टचा. पण त्यांनी विचारलं, "ते हललेले फोटो टाकून दिलेत?" आमचे हे काहीच टाकत नाहीत. चौदाही निघाले. त्यांनी निरखून एक निवडला. त्यात भुवनाची वेणी पंख्यासारखी पसरलीय, तोंड उघडं, डोळे दोन दोन जागी. मी म्हटलं, अक्का, भिंतीवर लावायचा तर सिनेमातला देते, किती छान आहेत बघा.

"ते सगळे हारास चालतील," त्या म्हणाल्या. "ह्यास कोणी घालणार नाहीं."

आमचे हे उठले आणि तो त्यांनी स्वतः छापला, वडिलांच्या फोटोएवढा मोठा. वडिलांच्या समोरच्या भिंतीवर खिळा मीच ठोकला. त्याच वेळी कोचीहून व्हिडिओवर फोन आला. सुगुणाक्कांनी फोन भिंतीकडे वळवला. "अय्यो अम्मा, हा काय लाविला? हा तर हलला आहे!"

सुगुणाक्का पदराने काच पुसत होत्या. "हलूं दे," त्या म्हणाल्या.