उलटी भरलेली बंदूक

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू भरायची असते, मग गोळी. मी आधी गोळी भरली आणि दारू भरायची विसरलो.

बंदुकीची दारू म्हणतोय मी. बाटलीतली असती तर निदान एक सबब तरी हाताशी राहिली असती. मी पूर्ण शुद्धीत होतो, पदवीधर होतो, आणि आदल्या आठवड्यात मोबाईलवर बंदूक भरायचे दोन-तीन व्हिडिओही बघून ठेवले होते.

बंदूक माझ्या सासऱ्यांची. वेरूळ मागं टाकून वैजापूरच्या अंगाला गेलं की सपाट काळं रान लागतं, तिथं त्यांचं शेत आहे. हिवाळ्यात हरभरा कोवळा असला की हरणांचा कळप उतरतो. पुढं काळवीट, मागं माद्या आणि पाडसं. पिकाच्या राखणीसाठी म्हणून या बंदुकीचा परवाना सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. मामा (आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात) त्या बंदुकीत गोळी कधीच घालत नसत. नळीत मापानं दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, लोखंडी गजानं ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि दिवस मावळताना आभाळाकडं तोंड करून एक बार काढायचा. धडाम! हरणं उड्या मारत पळायची, बांधापलीकडं जाऊन उभी राहायची आणि मामांची पाठ फिरली की परत यायची.

एकदा मी म्हणालो, "मामा, तुमचा बार म्हणजे त्यांना जेवणाची घंटा झालीय."

"असू द्या की," मामा म्हणाले. "मालक जागा हाय एवढं त्यांना कळलं म्हंजे झालं. मग लाजंकाजंनं कमी खात्यात."

हरणांना लाज असते यावर तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

नळीत कधी गोळी गेली नाही, हा मामांचा गावात लौकिक होता. परवान्याचं नूतनीकरण आलं की ठाण्यातले लोकही सांगायचे, "बाबांची बंदूक का? ती नुसती आवाजाची हाय." या एका वाक्यावर तो परवाना इतकी वर्षं टिकला होता. आसपासच्या गावांतले परवाने एकेक करून गेले होते.

आता सासूबाई. त्या माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. जावयासमोर यायचं नाही, आलं तर डोक्यावर पदर, आणि बोलायचं ते दाराआडून, दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून. "त्यांना इचार, दही घेत्यात का." मी चार हातांवर बसलेलो असतो. मी म्हणतो, "नको." मग बायको आत तोंड करून म्हणते, "नको म्हणतायत." आमची पोरगी दहावीला आली तरी सासूबाईंचा एक शब्द थेट माझ्याकडं आला नव्हता.

माझं ऑफिस शहरात, उस्मानपुऱ्यात. तिथं चहाच्या टपरीवर मी सासुरवाडीच्या बंदुकीबद्दल बरंच काही सांगत असे. सांगता सांगता बंदूक माझी झाली, बार माझा झाला, आणि एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं की हरीण मारणं म्हणजे काही विशेष नाही. हरीण मारणं हा गुन्हा आहे, जामीन मिळवताना नाकी नऊ येतात, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण शेजारच्या टेबलावरचा मित्र कप ठेवत म्हणाला, "अरे भाई, तुम से तो मच्छर नहीं मरता." सगळे हसले. त्या हसण्यासाठी मी एका जिवंत जनावरावर बंदूक धरायला निघालो. कारण एवढंच होतं. दुसरं काही मोठं सापडतं का म्हणून मी पुष्कळ शोधून बघितलंय.

गोळी कुठून आणायची? औरंगपुऱ्याच्या गल्लीत मासे धरायचं सामान मिळतं. तिथून गळाला लावायचा शिशाचा एक गोल मणी घेतला. त्याला मधोमध दोरी ओवायचं भोक होतं. हरणाला काय कळतंय, असं मी मनाशी म्हणालो.

शनिवारी सासुरवाडीला गेलो. संध्याकाळी मामांबरोबर मचाणावर चढलो. तेवढ्यात लाईट आली म्हणून मामा विहिरीवर मोटर चालू करायला गेले. मी पहिलं काम काय केलं असेल तर फोटो काढला: मांडीवर बंदूक, दोन बोटांत शिशाचा मणी, चेहऱ्यावर न शोभणारा रुबाब. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "सोमवारी डब्यात काय ते ओळखा."

मग मणी नळीत सोडला. खडखडत खाली गेला. वर चिंधी, वर गज. दणादण ठासलं. टोपी बसवली. दारूची डबी माझ्या गुडघ्याशीच होती. तिचं झाकण मी उघडलंसुद्धा नाही.

कळप आला. पुढचं काळवीट हरभऱ्यात शिरलं, दोन घास घेतले आणि मान वर करून मचाणाकडं बघू लागलं. शिंगांवर अजून उजेड होता. मी नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

टोपी फुटली, बस. काळवीट हललं नाही. कान तेवढे माझ्याकडं वळवले. मी दुसरी टोपी लावली. टक्. त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा खायला लागलं. त्याच्या पाठीमागची एक मादी तर पुढं आली.

दारू विसरलो नसतो तर ते तिथंच कोसळलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोटात माशांच्या गळाचं वजन घेऊन कुठंतरी झुडपात दोन दिवस तडफडलं असतं. हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की मामा यायच्या आत हे जमलं पाहिजे.

मामा आले. "बार नाय निघाला?"

"दारू ओली झाली असेल, मामा," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! मीच भरली असं सांगितलं, गोळीचं नाव काढलं नाही.

त्यांनी बंदूक घेतली. अंधारून आलं होतं. आधीची दारू भिजली असेल म्हणून वरून आणखी थोडी कोरडी दारू ओतली, चिंधी ठासली, आभाळाकडं तोंड केलं. टक्. पुन्हा टक्. खाली गोळी आडवी पडलेली, ठिणगी वरच्या दारूपर्यंत जाणार कशी? मामांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा नळीवरून हात फिरवला. हरणं खाली खात राहिली. बाराशिवायची ती पहिलीच संध्याकाळ.

रविवारी सकाळी मी शहरात परतलो. येताना मामांनी गाडीला हरभऱ्याच्या जुड्या बांधून दिल्या. त्या मी घेतल्या.

पुढं निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि त्या रिकाम्या असाव्या लागतात. मामांचा फोन आला.

"साहेब, गज पुरा खाली जात नाय. चार बोटं वरच ऱ्हातो. चिंधी काढायचा पेच तर कवाच हरवलाय. आपण रोज बार काढून मोकळी करायचो, पेच लागणार कुणाला?"

"गंज असेल, मामा."



"असंल," ते म्हणाले. "तुम्ही येताव का संगं? ठाण्यात जायचं म्हंजे शिकलेला माणूस बरा."

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? गेलो. बायकोही माहेरी यायचं म्हणून बरोबर आली. तिला आईकडं सोडलं आणि आम्ही दोघं तालुक्याच्या ठाण्यात पोचलो. मामांनी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि गोधडीत गुंडाळलेली बंदूक अशी तयारी केली होती. हवालदार वयस्कर, मामांना ओळखणारे. त्यांनी गज घालून बघितला आणि मान हलवली. "बाबा, भरलेली हाय ही. अशी जमा करून घेता येत नाय." मग नळीत पाणी ओतलं, कुठूनसा पेचाचा गज आणला आणि बाकावर बसून एकेक गोष्ट बाहेर काढायला लागले.

आधी चिंधी. मग दारूचा काळा चिखल. मग दुसरी चिंधी. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता पेच घासल्याचा आवाज. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

टप्. शिशाचा मणी कागदावर पडला.

हवालदारांनी आधी मण्याकडं बघितलं, मग मामांकडं. "काय हे, बाबा? या वयात शिकार?"

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काही बोलतोय का, एवढंच. मी नजर परत कॅलेंडरवर नेली.

"व्हय," मामा म्हणाले. "गेली असंल हातून. म्हाताऱ्याची बुद्धी."

"सायबाच्या कानावर घालावं लागंल. परवाना ऱ्हाईल असं वाटत नाय."

"बघा काय ते," मामा म्हणाले, आणि घडी केलेली गोधडी काखेत मारून बाहेर आले.

येताना ते माझ्या मागं गाडीवर बसले होते. कुणाचा गहू चांगला आलाय, कुणाच्या विहिरीला पाणी उतरलंय, सगळं सांगत होते. गोळीचं नाव नाही. जावयाला विचारायचं नसतं. मी मात्र वाटभर उजव्या आरशात त्यांची टोपी बघत होतो आणि आता बोलू, त्या लिंबाजवळ बोलू, पुलावर बोलू, असं करत घर आलं.

ओसरीवर माझं ताट मांडलेलं होतं. मी भूक नाही म्हणालो. पुढचं ध्यानीमनी नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड सरळ माझ्याकडं. हातात बायकोचा मोबाईल. मोबाईलात मी: मांडीवर बंदूक, बोटांत मणी, डब्यात काय ते ओळखा. ग्रुपवरचा फोटो कुणाच्या तरी बायकोकडून माझ्या बायकोकडं कधीच पोचला होता. आणि ठाण्यात काय झालं ते मामांनी पाय धुताना मोरीत सासूबाईंना हळूच सांगितलं होतं.

"ताट झाकून ठिवते," सासूबाई मला म्हणाल्या. मलाच. "आधी ठाण्यात जाऊन सांगून या, गोळी कुणी घातली ते."

मामा घाईघाईनं म्हणाले, "अगं, जावईबापूंना असं..."

"तुम्ही गप बसा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं त्यांचं पहिलं थेट वाक्य हे. मी चप्पल उलटसुलट घालून निघालो.

हवालदार चहा पीत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: औरंगपुऱ्यातला मणी, मचाण, काळवीट, टक्. सांगताना माझे कान तापले होते आणि आवाज पोरासोरासारखा निघत होता. त्यांनी मणी उजेडाकडं धरून भोकातून माझ्याकडं बघितलं.

"हरणाला गळ टाकायला निघालता व्हय?"

त्यांनी मणी परत कागदावर ठेवला.

"मला तवाच खटकलं," ते म्हणाले. "दारू वर अन् गोळी बुडाला. बाबांनी गोळी घातली असती तर आधी दारू घातली असती. असा येडेपणा त्या माणसाच्या हातून होणार नाय." मग त्यांनी मला सगळं लिहून द्यायला सांगितलं आणि साहेबांसमोर उभं केलं. तिथं माझी जी धुलाई झाली ती इथं देत नाही. बाहेर आल्यावर हवालदार एवढंच बोलले, "बाबांचं बघू. सायबाला पटलंय. तुमचं मात्र काय खरं नाय. वन खात्याचं बलावणं आलं तर यावं लागंल."

परत आलो तेव्हा मामा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं." त्यांनी सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवली. आभाळाकडं बघितलं. दिवस मावळायला आला होता आणि बार काढायला बंदूक नव्हती. लांब हरभऱ्यात काळपट ठिपके हलत होते. मामा उठले, बांधापर्यंत गेले आणि पत्र्याचा डबा बडवत नुसतेच "हाऽऽ हाऽऽ" असं ओरडले. एकही ठिपका जागचा हलला नाही.

मी ताटावर बसलो. भाकरी, वरून ओतायला हरभऱ्याच्या भाजीचं पातळ कालवण. भूक खरंच नव्हती, पण पुन्हा नाही म्हणायची हिंमतही नव्हती. गडबडीत मी आधी सगळं कालवण ताटात ओतून घेतलं. ते पसरत पसरत काठावरून माझ्या पँटवर आलं.

सासूबाई परत दाराआड गेल्या होत्या. बायकोला म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:

"त्यांना सांग, आधी भाकर चुरायची असती, मग कालवण. ह्यांचं समदंच उलटं."