कडुनिंबातली बाई

तुमच्या बागेतल्या वाळलेल्या झाडातून कोरलेल्या अस्वलाचा फोटो मिळाला. तुमच्याकडे असं कधी काही होतं का, असं धाकट्या नातीने पत्रात विचारलं आहे. होतं. त्यात माझी एक चूक आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

बहात्तरच्या दुष्काळात नगरला आमच्या शाळेशेजारच्या सार्वजनिक बागेतला कडुनिंब वाळत चालला. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुली त्याच्याच सावलीत डबे खायच्या. पण झाडाला पाणी कुठून घालणार? आम्हीच घरी भांडी राखेने घासून फडक्याने पुसत होतो. बागेच्या समितीने झाड तोडून सरपणाला द्यायचं ठरवलं. मी इंग्रजीत अर्ज केला, की खोड तसंच उभं ठेवून त्यात कष्टकरी बाईची आकृती कोरावी. तीन खेपांनंतर होकार मिळाला, तोही पावसाळ्याआधी काम पुरं करण्याच्या अटीवर.

कोरणारे मिस्त्री पारनेरकडचे, साठीच्या घरातले. शाळेची बाकं तेच दुरुस्त करायचे. त्या वर्षी नांगर-कुळव करून घ्यायला त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की जन्मभर जे केलं ते मातीत झिजून गेलं. एक तरी वस्तू अशी राहू दे, की लोक ती नुसती बघतील.

झाडाच्या एका फांदीला अजून पाला होता. तो गळेपर्यंत त्यांनी हत्यार लावलं नाही. कधी सुरू करणार, असं मी रोज विचारायचे. "त्याचं चाललंय अजून," म्हणायचे. मग एकदाचं वाकस चाललं, पटाशी चालली, आणि खोडातून खडीच्या कामावरची बाई दिसू लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, पदर कमरेला खोचलेला. तशा बाया रोज त्या रस्त्याने जात. त्यातली एक थांबून म्हणाली, "हिचं घमेलं माझ्यापरीस हलकं दिसतंय." मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "मग तुजं दे तिला, अन् तू हुभी ऱ्हा हितं."

मे संपत आला. चेहरा झाला होता, पण डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत उंचवटे होते.

"मिस्त्री, डोळे राहिले," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, बाई. डोळं उघडलं की देव हुतो. त्यात कडुनिंब म्हंजे देवीचंच झाड. मग माजं काम कुनाला दिसायचं न्हाई."

मला ती भाबडी समजूत वाटली. मी म्हणाले, मी मुलींची अर्धवट वही तपासत नाही, तसं हे काम पुरं झालं असंही कळवणार नाही. खरं तर समितीत डोळ्यांविषयी कुणी चकार शब्द काढला नव्हता. मिस्त्रींनी बारकी पटाशी उचलली.

मंगळवारी तिच्या कपाळावर कुंकू होतं. पायाशी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता. पुढच्या मंगळवारी शेंदूर आला. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाया तिच्यापुढे पाऊस मागत होत्या. त्यांना काय सांगणार? मी समितीकडे गेले, पण शेंदराला हात लावायला कुणी तयार होईना. एका सकाळी मीच रॉकेलचं फडकं घेऊन गेले आणि तशीच परत आले. मग पाऊस आला, आणि तो तिनेच आणला असं ठरलं. दिवाळीपर्यंत नाक, ओठ, डोळे सगळं शेंदराखाली एक झालं. अर्ज, खेपा, भांडण, या सगळ्याचा मला कंटाळा आला होता.

मिस्त्रींना निरोप धाडला. ते आले. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं आणि वळसा घालून मागे गेले. मीही गेले. नैवेद्य समोरून, शेंदूर समोरून. पाठीला कुणी हात लावला नव्हता. चुंबळीचे पीळ, मानेवरचा घट्ट अंबाडा, कासोट्याच्या चुण्या, सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी चुंबळीवरून अंगठा फिरवला.

"हिकडून राह्यली," म्हणाले, आणि तिथेच टेकून तंबाखू मळायला लागले. माझेही पाय दुखत होते. मी शेजारी बसले. पलीकडून कुणीतरी नारळ फोडल्याचा आवाज आला.

"बाई, तुमी पोरींकडून पाठ करून घेता न्हवं?"

"हो."

"मग आता तुमी बी पाठच ध्यानात ठिवा."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. जुळवून ठेवलेलं बोलणं मात्र तसंच राहून गेलं.