रसूलचाचांच्या चाळीस चुली

रसूल शिकलगार चहा बशीत ओतायचे आणि बशीकडेही संशयाने बघायचे. गिऱ्हाइकाने आणलेल्या वस्तूवर आधी टिचकी मारायचे, मग विचारायचे, "कुणी केली ही घाण?" टेप वापरायचे नाहीत, वीत लावायचे. पत्रा कापताना जीभ बाहेर. फोनवर बोलताना डोळे मिटलेले, समोरचा दिसला तर शिवी निघेल म्हणून असेल. त्यांनी कुणालाही हुद्द्याने हाक मारली की ती चेष्टा वाटायची.

मला ते मास्तर म्हणायचे. मी एम. ए. मराठी. नोकरी नाही. शिराळ्यात दिवसभर बसू देईल असं दुसरं दुकान नव्हतं.

"मास्तर, तुमच्या पुस्तकात पत्रा कसा जोडायचा लिवलंय का?"

"नाही, चाचा."

"मग एवढं जाड कशानं झालंय ते?"

त्यांचा धंदा प्लास्टिकने संपवला होता. कोठ्या गेल्या, चाळण्या गेल्या, पन्हळी गेल्या. उरली एक छोटी चूल. एका डब्यात दुसरा डबा, मधे बोटभर पोकळी, आतल्याला खाली आणि वर भोकं. चार वाळक्या काटक्यांवर भात व्हायचा, धूर जवळजवळ नाही, आणि सगळी चूल पातेल्यात मावायची. मेंढरामागे फिरणारे ती न्यायचे. ऊसतोड करणारे न्यायचे. ती काळ्या पत्र्याची असायची, दिसायला भिकार.

मग साताऱ्याहून वीरधवल आला. हा शहरातल्या लोकांना डोंगरात मुक्कामाला नेतो. त्यांना वाळकी काटकी ओळखता येत नाही, पण निसर्गाशी नातं सांगता येतं. एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. बावीस माणसं एका चुलीभोवती वाकून फुंकत होती आणि बावीस मोबाईल ते टिपत होते. भात कच्चाच खाल्ला. त्याला अनुभव म्हणतात.

वीरधवलला चाळीस चुली हव्या होत्या. पत्रा त्यानेच गाडीतून आणला होता. चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेला.

चाचांनी टिचकी मारली. "ह्यो बादलीचा पत्रा. चुलीला चालत न्हाई. तापला की जस्ताचा पांढरा धूर सुटतो. इख असतंय ते."

"उघड्यावर काय होतंय, चाचा? फोटोत उठून दिसतो हा."

"तुमची तोंडं चुलीतच असत्यात की."

"बघा बुवा. नाहीतर साताऱ्यात करून घेतो."

मी शिवीची वाट बघत होतो. याहून कमी कारणासाठी त्यांनी माणसं पायरीवरून परत पाठवली होती.

"कवा पायजेत?" चाचा म्हणाले.

वीरधवल गेल्यावर मी विचारलं, "हो कसं म्हणालात?"

"दुकान चालू ऱ्हायला पायजे. आन् मी न्हाई म्हणलं तर दुसरा करील. त्यो जस्त जाळून दील व्हय?"

असा त्यांचा हिशेब. चूल करायची, भट्टीत लाल करायची, जस्त जाळून टाकायचं, मग पॉलिशपेपरने घासून पुन्हा चमकवायची. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. ज्या ट्रेकवाल्यांना चाचा माकडं म्हणायचे त्यांच्या छातीसाठी हा उद्योग.

हे काम उघड्यावर करायचं असतं. पण ट्रेकची तारीख श्रावणातली, आणि बाहेर झड लागलेली. भट्टी दुकानात पेटली. पांढरा धूर छताला चिकटून राहायचा. मी खोकत पायरीवर यायचो.

"मास्तर, तुमी भाईरच बसा. तुमची छाती कवितेला लागंल."

"तुमची?"

"माझी बिडीनं कवाच कमावलीया."

रोज संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरायची. तोंडाला गोडसर चव येते म्हणायचे. "फुकटचा पेढा," असं त्यालाही हिणवायचे. घरी रहिमतबी, त्यांची बायको, दूध-गूळ द्यायची. "आवं, ऱ्हाऊ द्या की त्या चुली," म्हणायची. सकाळी ताप उतरलेला असायचा. ते पुन्हा भट्टीपाशी.

एकतीस चुली झाल्या. वीरधवलची गाडी आली आणि तेवढ्या घेऊन गेली. उरलेल्या नऊ नुसत्या जोडून ठेवल्या होत्या. त्यातली पहिली, बत्तिसावी, भट्टीत असताना चाचा खाली बसले. श्वास घेता येईना. सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? चाचांनी डोळे मिटले. मीच सांगितलं. चौथ्या दिवशी ते गेले.

दफन करून परतलो. एवढ्या पुस्तकांत माणसं कशासाठी मरतात ते वाचलं होतं. ही गोष्ट त्यात बसेना.

तिसऱ्या दिवशी वीरधवलचा फोन आला. वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला, "नऊ राहिल्यात ना?"

"त्यांचं जस्त जाळायचंय अजून."

"कशाला? चमकतात तशाच द्या. आमच्या लोकांना तोच लूक आवडतो."

मी फोन ठेवला. माकड हा शब्द त्याला फार सभ्य होता.

दुकानाची किल्ली रहिमतबीने माझ्याकडे दिली आहे. आत आठ चुली आहेत, चकचकीत, आरशासारख्या. नववी थंड भट्टीत आडवी पडली आहे. तिचं जस्त अर्धंच जळालं आहे.