मागच्या दारची बादली

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात सगळे त्यांना गढूळराव म्हणत. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, उघडच आहे. पण रोज सकाळी नदीचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन, एक डोळा मिटून, उजेडाकडे धरून हा माणूस "आज गढूळ आहे" असं इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, की घरातलंच कोणी आजारी पडलंय असं वाटावं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम सांगायला सोपं. पाण्यात तुरटी टाकायची, गाळ खाली बसवायचा. ही तुरटी म्हणजे न्हाव्याकडची पांढरी वडी नव्हे. मळकट पिवळ्या लाद्या यायच्या, पावतीवर ॲल्युमिनियम सल्फेट असं भारदस्त नाव. त्या हातोड्यानं फोडायच्या. पण टाकायची किती? त्यासाठी राव सहा ग्लास ओळीनं मांडत, प्रत्येकात थोडी थोडी वाढती तुरटी घालून ढवळत आणि बघत बसत. सगळ्यात कमी तुरटीत ज्याचं पाणी नितळलं, तो ग्लास खरा. एकतीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं ते सांगत. खोटं कशाला बोला, दोनदा चुकले होते.

संध्याकाळी केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये परतत तेव्हा हात, पाय, सदरा, सगळं तुरटीच्या भुकटीनं माखलेलं. बायको मागच्या दारी पाण्याची बादली भरून ठेवी. तिथे दगडावर उभं राहून हातपाय धुवायचे, कपडेही तिथेच खळबळून काढायचे. नळ होता पुढच्या दाराशी.

"अगं, भरलेली बादली सगळं घर ओलांडून मागे आणतेस कशाला?" राव विचारत.

"पुढे चिखल होतो," ती म्हणे. विषय संपला.

त्या दगडाला लागून तिचं अनंताचं झाड होतं. काय झाड होतं हो! पानं तेल लावल्यासारखी, आणि पांढऱ्या फुलांचा वास थेट रस्त्यापर्यंत. शेजारच्या बायका फांद्या मागून नेत, हौसेनं लावत आणि दोन महिन्यांनी पिवळी पडलेली काडी घेऊन तोंड पाडून येत. "तुझ्या हाताला गुण आहे बाई, आमचं नाही काम," म्हणत. रावही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "हिनं काठी खोचली तरी पालवी फुटेल." ती नुसती हसायची.

मग केंद्रात मशीन आलं. पाणी किती गढूळ ते मशीनच बघणार, तुरटीही तेच सोडणार. निरोपाच्या दिवशी नवा साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, आता डोळे मिटून घरी बसा. मशीनला दोन्ही डोळे आहेत." लोक हसले. त्याच्या मनात वाईट नसेलही, पण मेल्यानं बोलायला दिवस कुठला निवडावा! रावांनी चाव्या टेबलावर टाकल्या, घरी आले आणि बायकोला म्हणाले, "त्या जागेचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही." तिनं काढलं नाही.

क्वार्टर सोडून दोघं मुलाच्या नव्या घरी राहायला आली. अनंत मुळाच्या मातीसकट गोणपाटात बांधून टेम्पोतून आणला, मागच्या अंगणात लावला. आणि चार महिन्यांत बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा वाचली, पाय सावरला, उजवा हात मात्र लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले, जितका दाबाल तितका हात परत येईल. पहिले काही दिवस ती अनंतापाशी खुर्ची टाकून चेंडू दाबत बसायची. पण झाडाची पानं पिवळी पडायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळं पिवळं. कळ्या यायच्या आणि टपटप गळायच्या. एक दिवस ती म्हणाली, "गेला हाताचा गुण," आणि चेंडू कपाटात टाकून दिला.

रावांना एवढं कळत होतं की झाड गेलं, तर तो हात पुन्हा उठायचा नाही.

शेणखत झालं, गांडूळखत झालं, काही म्हणजे काही उपयोग नाही. एके दुपारी सून खुरप्यानं आळं मोकळं करत होती, तर खुरपं खडखडलं. आत प्लास्टरचे तुकडे, चुन्याची ढेकळं. घर बांधणाऱ्यानं सगळा राडारोडा तिथेच पुरला होता. सुनेनं मोबाइल काढला, वाचलं आणि म्हणाली, "बाबा, अनंताला म्हणे आंबट माती लागते. चुना असला की पिवळा पडतो. यावर घाला म्हणतायत..." ती नीट वाचायला थांबली. "ॲल्युमिनियम सल्फेट. हे काय असतं?"

राव पायरीवरच बसले.

क्वार्टरची जमीनही चुनखडीचीच होती. म्हणून तर शेजारणींच्या काड्या जगत नव्हत्या. आणि एकतीस वर्षं रोज संध्याकाळी ते त्या झाडाच्या बुंध्याशी तुरटी धूत होते! आधी त्यांना हसू फुटलं. मग हसू जागच्या जागी जिरलं. म्हणजे गुण तिच्या हाताचा नव्हता. आणि हे तिला आता सांगायचं? हात लुळा पडल्यावर? जीभ झडली असती तरी त्यांनी सांगितलं नसतं.

"आईला यातलं अक्षर कळता कामा नये," ते सुनेला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ज्या फाटकातून पुन्हा जायचं नाही म्हणून आले होते, त्याच फाटकातून राव आत गेले. साहेब समोरच होता. "काय काका, मशीन बघायला?" राव म्हणाले, "नाही साहेब. थोडी तुरटी मागायला आलोय." ते म्हणताना कान तापले होते, पण म्हणाले. जुन्या पंपवाल्यानं पिशवीभर खडे दिले, वर पाण्याचा आंबटपणा बघायच्या कागदी पट्ट्याही खिशात कोंबल्या.

पहिल्याच दिवशी घाईनं मूठभर तुरटी ओतली आणि झाडाच्या पानांची टोकं करपली. चुकले, तिसऱ्यांदा. मग डोकं ठिकाणावर आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा ग्लास मांडले, प्रत्येकात अंगणातली माती, पाणी आणि वाढती तुरटी.

"बाबा! पाहुण्यांचे ग्लास!" सून किंचाळली.

"गप. चिखल धुतला की निघतो."

पट्टी बुडवून बुडवून त्यांनी चौथा ग्लास नक्की केला. मग दर आठवड्याला, दुपारी बायको झोपली की, त्या अंदाजानं पातळ पाणी करून आळ्यात सोडायचं, आणि मांजरासारखं घरात शिरायचं.

दोन महिने गेले. शेंड्याला एक पान आलं, हिरवंगार. मग चार. कपाटातला चेंडू बाहेर आलेला रावांनी पाहिला आणि मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी तिनं हाक मारली, "अहो, जरा मागे या."

अनंतापाशी तिची खुर्ची, आणि बुंध्याशी बादली. तळाला चार बोटं पाणी, त्यात तांब्या. अंगणभर ओघळ.

"ही कोणी आणली?"

"मीच. या हातानं. बरीचशी सांडली," ती म्हणाली. "धुवा हात."

"कशाला? स्वच्छ आहेत की."

"एकतीस वर्षं भरलेली बादली घर ओलांडून मागे आणत होते मी. चिखलासाठी आणत होते असं खरंच वाटलं तुम्हाला? लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही दीड महिना परगावी शिकायला गेला होतात. झाड पिवळं पडलं. आलात, हात धुतलेत, हिरवं झालं. मला काय कळायचं ते कळलं. गुण होता तो तुमच्या हाताचा."

राव म्हणाले, "मग आता का नाही बोललीस? झाड मरत होतं!"

"बोलले असते, तर तुम्ही तिथे मागायला गेला असतात. चाव्या टाकून आलात तेव्हाचं तुमचं तोंड मी पाहिलं होतं. म्हटलं, जाऊ दे झाड."

"आणि हात?"

"तोही." ती म्हणाली. "तरी गेलातच ना? दुपारी मी झोपते असं वाटतं तुम्हाला."

राव खाली बसले आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांवर आता भुकटीचा कणही नव्हता. तिनं उजव्या हातानं तांब्या उचलला. अर्धं पाणी बाहेरच गेलं, तरी तिनं डावा हात लावू दिला नाही आणि रावांनीही हात मागे घेतले नाहीत.