आखाड्याचं दूध

पन्नासच्या दशकात आमच्या चांदा जिल्ह्यातल्या गावात वडिलांनी आखाडा काढला. जंगलातलं गाव. वाघ आला, नाला फुगला, कोणी अडलं तर धावून जायला गडी तयार हवेत, असं त्यांचं म्हणणं. त्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती दुधाला. पहिलवानांसाठी घरोघरून रोज लोटाभर दूध जायचं. आमच्याकडचा लोटा भरून द्यायची माझी वहिनी, आणि ती पोटुशी! भाऊ घुग्घुसला खाणीत, तिची बाजू घेणारं कोणी नाही. दूध आखाड्याला, हिला भाताची पेज. आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

भादव्यात वहिनीला कळा सुरू झाल्या. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, तरी सुटका होईना. सुईणीनं हात टेकले. "माह्या हातचं नाई हे. दवाखान्यात न्या, नाईतर दोघंबी जातीन."

चिखलात बैलगाडी रुतली असती. म्हणून चार पहिलवानांनी तिची खाट खांद्यावर घेतली आणि बजरंगबलीचा जयजयकार करत निघाले. मागून वडील, आई, शेजारच्या दोघी आणि मी.

आखाड्याची माती तेल-ताक घालून मऊ केलेली असते. धानाच्या बांधीतला चिखल पाय धरून ठेवतो. एक उंच, एक बुटका, खाट सारखी कलंडायची. नाला यायच्या आतच त्यांनी ती शेताच्या कडेला धुऱ्यावर ठेवली.

"जरा दम खाऊ द्या, बाई," एकजण आईला म्हणाला.

रोज लोटाभर दूध पिऊन दम खाऊ द्या! वहिनीचं कण्हणं एव्हाना थांबलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

आईनं पदर खोचला. "सरका."

वडील ओरडले, "बायका कधी खांदा देतेत काय? जित्या बाईची तिरडी करता?"

"खांदा कोण देऊन राह्यलं? डोक्यावर नेतो."

पदराच्या चुंबळी करून आम्ही चौघी खाटेखाली शिरलो. धानाच्या रोवणीत दिवस दिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या, मोहाच्या टोपल्या आणि सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायका आम्ही. त्यासाठी आम्हाला कोणी घोटभर दूध दिलं नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडला. पहिलवान मागून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. सांभाळून म्हणे!

दवाखान्यात मुलगी झाली. वहिनी वाचली.

दसऱ्याला चावडीपुढे सत्कार झाला. कोणाचा? पहिलवानांचा! वेळेला धावून गेले म्हणून वडिलांनी स्वतःच्या हातानं त्यांना फेटे बांधले, नारळ दिले. आम्ही चौघी मागे बायकांत बसलो होतो. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पहिलवान लोटा घेऊन दारात हजर, डोक्यावर कालचाच फेटा. वडील ओट्यावर दात घासत होते. वहिनी बाळाला खांद्याशी धरून बाहेर आली, त्याचा लोटा भरला आणि त्याच्यासमोर उभ्या उभ्या, सासऱ्यादेखत, सगळं दूध पिऊन टाकलं. मग रिकामा लोटा त्याच्या हातात दिला.

"आजपासून दूध मी पीन, भाऊ," ती म्हणाली. "गावात कोणी अडलं, तं खाट उचलाले मलेच बलावजा."