साडूभाऊंच्या वेपची तीन भोकं

अख्ख्या दुबईत धुळीशी वैयक्तिक दुष्मनी असलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला झबलं, एसीच्या जाळीला चिकटपट्टी. करामातल्या त्यांच्या घरी गेलो की आपल्यालाही पिशवीत घालून बसवतील की काय, अशी मला धाकधूक असते. त्यातून हे साडूभाऊ बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर. मुहैस्नाहच्या मजूर कॅम्पातून आलेल्या एखाद्या गड्याच्या हेल्मेटचा पट्टा ढिला दिसला, की भर उन्हात अर्धा तास प्रवचन. माझ्या लग्नात त्यांनी मंडपवाल्यालासुद्धा शिडी कशी धरावी ते शिकवलं होतं.

अशा या गृहस्थांनी सिगारेट सोडायची म्हणून देऱ्याच्या बाजारातून वेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट आणली, तीही मेकॅनिकल. नुसती पितळेची नळी, आत अंगठ्याएवढी बॅटरी आणि बुडाला एक बटण. ना चिप, ना आपोआप बंद व्हायची सोय. साधा वेप पोरासोरांसाठी, असं त्यांचं मत. दुकानातला मल्याळी भला माणूस. बॅटरीचं वेष्टण फाटलं तर फेकून द्या, खिशात ठेवताना बटणाची कडी फिरवून लॉक करा, असं सगळं त्याने समजावलं. मग बुडाजवळची तीन बारीक भोकं दाखवून म्हणाला, "भाई, बॅटरी गरम हुआ तो गॅस इधर से निकलेगा. ये बंद किया तो पाइप नहीं, बम है." साडूभाऊंनी गंभीरपणे मान डोलावली. आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर साइटवरचं सिलिकॉन लावून तिन्ही भोकं बुजवली. का, तर धूळ आत जाते!

मी सांगून पाहिलं. "सेफ्टी मला शिकवतोस?" एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या बायकोने, ताईंनी सांगितलं, तर रुसून दिवसभर जेवले नाहीत. ती नळी सदा त्यांच्या शर्टाच्या खिशात, आणि त्याच छातीवर डोकं टेकून त्यांची पाच वर्षांची पोर कार्टून बघायची.

शेवटी मी चोरीचा मार्ग धरला. दर रविवारी ही मंडळी आमच्याकडे जेवायला. कालवणाचे डाग पडू नयेत म्हणून साडूभाऊ शर्ट खुर्चीला अडकवत आणि बनियनवर पापलेटाला भिडत. काटे काढायला त्यांना भारी वेळ लागे. तेवढ्यात मी नळी घेऊन बाथरूममध्ये जायचो आणि बायकोच्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेने सिलिकॉन कोरून काढायचो. पुढच्या रविवारी भोकं पुन्हा बुजलेली असत. "हल्लीच्या सिलिकॉनला दम नाही," असं म्हणत ते जेवायला बसत. असे सात-आठ रविवार गेले.

एका रविवारी जेवणानंतर ते शर्ट घालून सोफ्यावर आडवे झाले, कडी फिरवायची विसरले. नळी खिशातून घसरली आणि शेजारी चढून बसलेल्या पोरीच्या गुडघ्याखाली बटण दाबलं गेलं. पोर म्हणाली, "बाबा, इट्स हॉट." साडूभाऊंनी ती तापलेली नळी मुठीत धरली आणि थेट बाल्कनीत भिरकावली. तिन्ही भोकांतून फुसफुसत धूर निघाला, प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय वितळला आणि मग सगळं शांत झालं. नळी फुटली नव्हती. पोर आईला बिलगून रडत होती, पण तिला साधा ओरखडाही नव्हता.

मी नळाखाली साडूभाऊंचा भाजलेला तळवा धरून उभा होतो. वर न बघता त्यांनी विचारलं, "आज तिन्ही मोकळी केली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"बुजवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही," ते म्हणाले. "आणि चुकलं असं तुझ्यासमोर कसं म्हणू? म्हणून तू बाथरूममधून येईपर्यंत जेवत बसायचो. पापलेटाला काटे असतात तरी किती रे?"

वेप गेला, सिगारेटही परत आली नाही. रिमोटचं प्लास्टिक तेवढं आहे. हल्ली रविवारी साडूभाऊ पापलेट पाच मिनिटांत संपवतात, आणि मला भरल्या ताटावरून उठायचं काही कारण उरलेलं नाही. खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.